उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद आणि त्यांची धावपट्टी

श्री गजपंथा आणि श्री मांगीतुंगी या पावन सिद्धक्षेत्रांच्या दर्शनास दूर प्रांतांतून विमानाने येणारे भाविक नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर उतरतात. विमानतळ तसा लहानच. प्रवासी विमाने मोजकी. परंतु त्याच धावपट्टीवरून भारतीय वायुसेनेसाठी बांधलेली लढाऊ विमाने आकाशात झेपावतात. तीर्थयात्रेस निघालेला श्रावक आणि युद्धसज्ज विमान यांची एकाच पट्टीवर गाठ पडते. हा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीच्या मालकीचा आहे, हे नाशिककरांना ठाऊक असते. परंतु त्या कंपनीचे मूळ रोप सोलापूरच्या एका दिगंबर जैन श्रावकाने १९४० साली लावले, ही गोष्ट आपल्या समाजातील नव्या पिढीच्या कानावर क्वचितच पडते. तो थोर पुरुष म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदशेठ यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे गुजरातेतील. व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापुरात स्थिरावले आणि कायमचे सोलापूरचे झाले. घरात गुजराती आणि पेढीवर मराठी, असे वातावरण होते. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत. परंतु त्यांची खरी ओळख धर्मसेवक आणि समाजसुधारक म्हणून होती. जैन बोधक हे नियतकालिक त्यांनीच सुरू केले. मुलांनी शिकावे, धर्मग्रंथ छापले जावेत, रूढींचे ओझे हलके व्हावे, यासाठी ते आयुष्यभर झटले. आजही सोलापुरातील हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालयाच्या रूपाने त्यांचे नाव हजारो विद्यार्थ्यांच्या ओठी आहे. अशा पित्याच्या पोटी जन्मलेल्या मुलाने पेढीवर बसून हुंड्या आणि व्याजाचा हिशेब सांभाळावा, अशीच सर्वांची अपेक्षा असणार.

तसे झाले नाही. मॅट्रिकनंतर मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले, पण पदवी न घेताच ते व्यापारात आले. पेढीच्या कामात त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील नोकरी सोडलेले गृहस्थ त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत रेल्वेच्या बांधकामांचे ठेके घेण्यास प्रारंभ केला. आरंभीची कामे बार्शी लाइट रेल्वेची होती. फाटकांपाशी कामाची माहिती आणि वालचंदशेठांपाशी भांडवल व धाडस, असा हा मेळ होता. त्या काळी सावकाराच्या मुलाने उन्हातान्हात खडी आणि मातीच्या मोजमापाला उभे राहणे नातलगांना रुचण्यासारखे नव्हते. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरविणारी तानसाची जलवाहिनी, अशी मोठमोठी कामे त्यांच्या हातून झाली. १९२६ साली त्यांनी स्थापन केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्याच वृक्षाची शाखा होय.

पहिले महायुद्ध संपताच ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे लॉयल्टी नावाचे जहाज विक्रीस निघाले. युद्धकाळात रुग्णसेवेसाठी वापरलेले ते जहाज होते. वालचंदशेठ, नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांनी ते विकत घेऊन १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आज आपण ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो, तो त्याच प्रवासाच्या स्मरणार्थ. परकीय जहाज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. १९२३ साली सिंदियाला पायात बेड्या घालणारा करार करावा लागला. तरीही कंपनी बुडाली नाही. तिच्या कथेसाठी स्वतंत्र लेखच हवा. येथे एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, परक्या सरकारच्या राज्यात स्वदेशी वाहन उभे करणे म्हणजे काय, याचा अनुभव वालचंदशेठांनी समुद्रावर वीस वर्षे घेतला होता. आकाशाकडे ते वळले ते या अनुभवानंतर.

मधल्या काळात नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे त्यांनी माळरान घेऊन शेती उभी केली आणि पुढे साखर कारखाना काढला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली. रावळगावच्या गोळ्या ज्यांनी बालपणी चघळल्या, त्यांना ते नाव वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

१९३९ साली वालचंदशेठ अमेरिकेस गेले. मोटारींचा कारखाना भारतात काढावा, हा त्यांचा मुख्य हेतू होता. परतीच्या वाटेवर पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी ओळख झाली. पॉली यांचा व्यवसाय चीनला विमाने पुरविण्याचा आणि तेथे ती जोडण्याचा. युरोपात महायुद्धाचा वणवा नुकताच पेटला होता. चीनमध्ये जे होऊ शकते ते भारतात का होऊ नये, हा विचार वालचंदशेठांच्या मनाने त्या प्रवासातच घेतला. प्रवासातील ओळख म्हणजे स्टेशन आले की संपणारी वस्तू. येथे मात्र तिच्यातून कारखाना उभा राहिला.

आरंभी इंग्रज सरकारने या योजनेस उत्तेजन दिले नाही. भारतीय माणसाने विमाने बांधावीत, ही कल्पनाच दिल्लीतील आणि लंडनमधील अधिकाऱ्यांना पचत नव्हती. परंतु जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. इंग्लंडहून भारतासाठी विमाने येण्याची आशा मावळली आणि मग जे काल अशक्य होते ते आज निकडीचे ठरले. सरकारने विमानांची मागणी नोंदविण्याचे मान्य केले. प्रश्न होता जागेचा.

वालचंदशेठांनी संस्थानिकांकडे विचारणा केली. त्यांत सर्वांत तत्परतेने पुढे आले ते म्हैसूर संस्थान. दिवाण सर मिर्झा इस्माईल हे उद्योगांना आश्रय देणारे जाणते प्रशासक होते. त्यांनी बंगळूरजवळ ७०० एकर जमीन विनामूल्य दिली आणि संस्थानाचे भांडवलही घातले. बंगळूर समुद्रापासून दूर असल्याने शत्रूच्या आरमारापासून सुरक्षित, वीज मुबलक, भद्रावतीचा पोलाद कारखाना संस्थानातच, आणि भारतीय विज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर. कारखान्यास याहून योग्य स्थान मिळणे कठीण होते. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल चार कोटी रुपयांचे. कंपनीचे पहिले कार्यालय डोमलूर रस्त्यावरील इव्हनटाइड नावाच्या बंगल्यात थाटले गेले. मार्च १९४१ मध्ये भारत सरकारही भागीदार झाले आणि भरणा झालेल्या ७५ लाखांपैकी २५ लाख म्हैसूरचे, २५ लाख भारत सरकारचे व २५ लाख वालचंद, तुलसीदास किलाचंद व खटाव या मंडळींचे, असा तिघांचा समान वाटा ठरला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर यातील मर्म सहज दिसते. तीन समान भागीदारांत जेव्हा दोन राज्यकर्ते असतात, तेव्हा तिसऱ्याचा आवाज कितीसा उरणार!

येथे एका शंकेचा विचार करणे उचित ठरेल. अहिंसा हा परमधर्म मानणाऱ्या घरातील पुरुषाने, जैन बोधककारांच्या सुपुत्राने, युद्धविमानांचा कारखाना काढावा हे योग्य की अयोग्य? ही शंका आपल्या समाजात उठणे स्वाभाविक आहे. आपल्या आचारशास्त्रात हिंसेचे चार भेद वर्णिले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मुनिराजांना चारही वर्ज्य. गृहस्थ श्रावकाने मात्र संकल्पी हिंसेचा, म्हणजे मारण्याच्या हेतूनेच केलेल्या हिंसेचा, सर्वथा त्याग करावयाचा असतो. आक्रमणापासून स्वतःचे, आश्रितांचे आणि देशाचे रक्षण करताना घडणाऱ्या विरोधी हिंसेचा त्याग त्याच्यासाठी अनिवार्य मानलेला नाही. ती शक्य तितकी कमी असावी, एवढाच दंडक. ज्या म्हैसूरने विमानांसाठी भूमी दिली, त्याच म्हैसूरच्या श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींची विराट मूर्ती उभी आहे. ती स्थापन करविणारे चामुंडराय हे गंग राजांचे सेनापतीच होते. रणांगणावरचा हा वीर श्रावकधर्मात कमी ठरला, असे कोणी म्हटलेले नाही. तरीही शंका पूर्णपणे मिटते असे म्हणता येत नाही. विमान विकणाऱ्याच्या हाती ते कोठे आणि कोणावर जाईल हे नसते, आणि १९४१ साली तर विमाने परक्या सरकारच्या युद्धासाठी जात होती. काँग्रेस त्या वेळी युद्धप्रयत्नांस साह्य न करण्याच्या भूमिकेवर होती. युद्धाचे निमित्त साधून देशात कायमचा उद्योग रुजवावा, ही वालचंदशेठांची रीत होती. ती सर्वांना मानवली नाही. आज तिच्याकडे पाहताना मात्र त्या रुजलेल्या उद्योगाची फळेही दृष्टीआड करता येत नाहीत.

काम झपाट्याने झाले. अमेरिकेहून यंत्रे आणि कारागीर आले, शेकडो स्थानिक तरुणांना हातात हत्यार धरण्यापासून शिकविले गेले आणि ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांत, सुटे भाग जोडून बनविलेले हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान बंगळूरच्या आकाशात उडाले.

विमानांच्या कारखान्याचे एक वैशिष्ट्य आहे. कापडगिरणीचा माल गाठोडी बांधून मालमोटारीने वा रेल्वेने कोठेही धाडता येतो. विमान मात्र तयार होताच स्वतःच उडून ग्राहकाकडे जाते आणि जाण्यापूर्वी अनेकदा उडवून पारखावे लागते. म्हणून धावपट्टी कारखान्याच्या दाराशीच असावी लागते. ती बांधावी, राखावी, अग्निशामक दल सज्ज ठेवावे, मनोऱ्यातून नियंत्रण करावे, हा सर्व स्थिर खर्च. दिवसातून एखादे चाचणी-उड्डाण झाले तरी तो तितकाच. उरलेल्या वेळेत प्रवासी विमाने त्या पट्टीवर उतरली तर त्या खर्चाला हातभार लागतो आणि गावालाही विमानतळ मिळतो. बंगळूरचा एच.ए.एल. विमानतळ असाच, कारखान्याची जोड म्हणून जन्माला आला.

परंतु हे सारे फुलण्याच्या आधीच वालचंदशेठ तेथून बाहेर पडले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. शत्रू भारताच्या दाराशी आला. कारखाना संपूर्णपणे आपल्या हाती हवा, असे सरकारने ठरविले आणि एप्रिल १९४२ मध्ये वालचंदशेठ व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेतले. नोंदणीपासून जेमतेम सोळा महिने झाले होते. याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. तेथे वालचंदशेठांनी उभारावयास घेतलेल्या जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला आदल्याच वर्षी, २१ जून १९४१ रोजी, डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली होती. तेही काम थबकले. एका महिन्यात दोन स्वप्नांवर असा घाला पडला.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. दाराशी आलेल्या शत्रूशी लढताना विमानांचा देशातील एकमेव कारखाना खासगी हाती ठेवण्यास कोणतेही सरकार कचरले असते. भागांचे मोल चुकते झाले, कोणी लुबाडले असे नाही. परंतु मोल भागांचे होते. प्रवासातील त्या भेटीपासून बंगळूरच्या माळापर्यंतच्या खटपटीचे कोणत्या वहीत जमा धरावयाचे? वालचंदशेठांच्या मनाला ही गोष्ट लागली नसेल, असे मानणे कठीण आहे. तथापि त्यांनी हातावर हात ठेवले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून मोटारींचे जुने स्वप्न त्यांनी पुरे केले. युद्ध सरताच विशाखापट्टणमचे काम नेटाने पुढे नेले आणि १४ मार्च १९४८ रोजी जलउषा हे स्वतंत्र भारतात बांधलेले पहिले मोठे जहाज पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

इकडे बंगळूरच्या कारखान्याचा ताबा सप्टेंबर १९४३ मध्ये अमेरिकन वायुसेनेकडे गेला. युद्ध संपेपर्यंत तेथे नवी विमाने बांधण्याऐवजी आघाडीवरून आलेल्या मोडक्या विमानांची डागडुजी झाली. युद्धानंतर कारखाना परत मिळाला तेव्हा हाती काम थोडे होते. मग सैन्याची डाकोटा विमाने प्रवासी वाहतुकीयोग्य करून देण्याचे काम निघाले. रेल्वेचे डबेही बांधले गेले. कानपूर येथे अमेरिकनांनी भंगारात काढलेली लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने होती. ती कशीबशी उडण्याजोगी करून बंगळूरला आणली गेली, नीट दुरुस्त केली गेली आणि वायुसेनेने पुढे कित्येक वर्षे वापरली. टाकाऊतून एवढे टिकाऊ निघाल्याचे उदाहरण व्यापारातही विरळा. १९५१ साली कोल्हापूर परिसरातील मराठी शास्त्रज्ञ डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच.टी.-२ हे स्वदेशी प्रशिक्षण विमान याच पट्टीवरून उडाले. आणि त्याच्या आधीपासूनच, १९४६ पासून, डेक्कन एअरवेजची प्रवासी विमाने हैदराबादहून बंगळूरला येऊ लागली होती.

वालचंदशेठांना १९४९ साली पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते उद्योगांतून निवृत्त झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. विशाखापट्टणमच्या कारखान्याची बहुतांश मालकी त्यांच्या हयातीतच, १९५२ मध्ये, सरकारकडे गेली होती. सिंदियाच्या ताब्यात आलेली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही प्रवासी विमान कंपनीही त्यांच्या निधनानंतर चारच महिन्यांनी इतर कंपन्यांसह इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. म्हणजे पुढे बंगळूरच्या त्या पट्टीवर उतरणाऱ्या प्रवासी विमानांच्या वंशावळीतही वालचंदशेठांच्या उद्योगाची एक ओळ आहे.

१९६१ साली मरुत हे भारतात आखलेले पहिले जेट लढाऊ विमान त्याच पट्टीवरून उडाले, तर ४ जानेवारी २००१ रोजी तेजस. या काळात प्रवासी वाहतूकही वाढतच गेली. चाचणी वैमानिक आणि सुट्टीस निघालेली कुटुंबे यांची एकाच पट्टीवर पाळी लावण्याचे काम कारखान्याचेच कर्मचारी मनोऱ्यातून करीत. संगणक उद्योगाने बंगळूर भरभराटीस आले तेव्हा प्रवाशांची गर्दी त्या जुन्या इमारतीत मावेना. अखेर देवनहळ्ळी येथे नवा विमानतळ झाला आणि करारान्वये २४ मे २००८ पासून एच.ए.एल. विमानतळावरील नियमित प्रवासी उड्डाणे बंद झाली. कारखान्याची पट्टी पुन्हा मुख्यत्वे कारखान्याची आणि संरक्षणदलांची झाली.

नाशिकला नेमके उलट घडले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि एरोनॉटिक्स इंडिया या कंपन्या एक होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स अस्तित्वात आली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, आणि त्याच्याबरोबर दाराशी धावपट्टीही. अनेक वर्षे ती केवळ कारखाना आणि वायुसेना यांच्याच कामी येई. २०१४ साली तेथे प्रवाशांसाठी नवी इमारत उभी राहिली, डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेखाली लहान विमानाची सेवा सुरू झाली. मिगनंतर तेथे सुखोई बांधली गेली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजसच्या सुधारित आवृत्तीनेही ओझरहून पहिले उड्डाण केले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मांगीतुंगी येथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीचा पंचकल्याणक महोत्सव झाला. तेव्हापासून त्या क्षेत्रावर देशभरातून येणाऱ्या भाविकांची संख्या वाढली आहे. ओझरला उतरून मांगीतुंगीकडे निघालेली गाडी सटाण्याचा रस्ता धरते. त्याच मुलखात, मालेगावच्या बाजूस, रावळगाव आहे. विमानाचा विचारही मनात येण्यापूर्वी वालचंदशेठांनी तेथील खडकाळ माळावर ऊस उभा केला होता.